निर्मळ स्वर, फाटलेला स्वर

‘शुद्ध’ आणि ‘विकृत’ हे दोन शब्द आपल्या संगीतशास्त्राने जितक्या निर्विकार वृत्तीने वापरले आहेत, तितक्या निर्विकार वृत्तीने ते आपल्या नीतिविचाराने क्वचितच वापरले असतील. सप्तकातील बारा स्वरांपैकी सात शुद्ध आणि पाच विकृत, हे गाणे शिकणारे पोरही पहिल्या महिन्यात घोकते. पण रिषभ आणि धैवत विकृत आहेत म्हणून भैरव राग कोणी कमी पवित्र मानला, असे घडलेले नाही. विकृत म्हणजे आपल्या मूळ जागेपासून ढळलेला, एवढाच तेथे अर्थ. ढळला म्हणून बिघडला, असा नव्हे. माणसाच्या वागण्याबोलण्याकडे वळताच मात्र हाच शब्द शिवी होऊन बसतो. असे का व्हावे, आणि मृदू बोलण्याकडून कठोर बोलण्याकडे माणसाने कोणत्या वाटेने जावे, हा प्रश्न आमच्या डोक्यात बरेच दिवस घोळत आहे. आणि त्याला तोंड फुटले ते, वाचकांना नवल वाटेल, विजेवर चालणाऱ्या गिटारमुळे.

आम्ही वादक नव्हे. ऐकणारे आहोत, आणि तेही बहुधा भिंतीआडून. आमच्या सरकारी वसाहतीत शेजारच्या घरी एक तरुण गिटार वाजवतो. त्याच्या ॲम्प्लिफायरला दोन चॅनेल आहेत. एकातून तारेचा आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. दुसऱ्यातून तोच आवाज फाटून, खरखरीत होऊन, करवतीच्या दात्यांसारखा बाहेर पडतो. पायाने एक कळ दाबली की ह्यातून त्यात जाता येते. पण त्या उडीत एक धक्का असतो, आणि तो धक्का ह्या तरुणाला नको आहे. एका स्वराने दुसऱ्या स्वरात कधी प्रवेश केला हे कानाला कळूच नये, पहाटेचा उजेड जसा कळत नाही तसे, अशी त्याची धडपड आहे. जगातील हजारो गिटारवादक ह्याच खटपटीत असतात. वरवर पाहता हा तंत्रज्ञाचा प्रश्न आहे. परंतु त्याची जी उत्तरे आहेत ती एकमेकांपासून इतकी भिन्न, आणि माणसाच्या स्वभावाशी इतकी जुळणारी आहेत, की त्यांचा विचार तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होणे आम्हांस बरे वाटत नाही.

प्रथम त्या यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे. पोलादी तार चुंबकापुढे थरथरली म्हणजे त्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. त्या क्षीण प्रवाहाला स्पीकर हलवण्याइतके बळ देणे, एवढेच ॲम्प्लिफायरचे काम. जोवर त्याच्याकडे मागणी बेताची असते, तोवर आत गेलेल्या लहरीचा आकार जसाच्या तसा, केवळ मोठा होऊन बाहेर येतो. हा निर्मळ स्वर. परंतु प्रत्येक यंत्राला एक छत असते. त्याला जो विद्युत्दाब पुरवलेला असेल त्यापलीकडे लहर उंच नेणे त्याला शक्य नसते. मागणी छतापलीकडे गेली की लहरीचा माथा छाटला जातो, आणि छाटलेल्या माथ्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे उपस्वर जन्म घेतात. जुन्या रेडिओंत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह ज्या ॲम्प्लिफायरमध्ये असतात, तेथे लहर छताजवळ येता येताच वाकू लागते. साध्या ट्रान्झिस्टरच्या मंडलात ती बहुधा सरळ वर जाऊन एकदम छतावर आपटते. ऐकणाऱ्याला पहिल्यात घसा दाटून आल्याचा भास होतो, दुसऱ्यात काहीतरी मोडल्याचा.

येथे एक चमत्कार सांगण्याजोगा आहे. फाटलेल्या चॅनेलमध्ये दोन स्वर एकदम छेडले तर ते नुसते शेजारी उभे राहत नाहीत, एकमेकांत गुंततात. सेकंदाला २०० कंपनांचा षड्ज आणि ३०० कंपनांचा पंचम एकत्र वाजवले, तर त्यांच्या वजाबाकीचा १०० कंपनांचा आणि बेरजेचा ५०० कंपनांचा असे आणखी दोन स्वर आपोआप उपजतात. पहिला खालचा षड्ज, दुसरा वरचा गांधार. म्हणजे न वाजवलेले सोबतीही सुरात येतात. पण पंचमाऐवजी गिटारच्या पडद्यांवरचा गांधार घेतला की गणित बिनसते. तो गांधार २५० वर नसतो, सुमारे २५२ वर असतो. त्यामुळे खाली ५० चा स्वच्छ खर्ज न उमटता ५२ चा एक बेसूर घुमारा उठतो. निर्मळ चॅनेलमध्ये हा दोन कंपनांचा फरक कोणाच्या ध्यानातही आला नसता. रॉक संगीतात षड्ज-पंचमाच्या जोडीवर एवढा भार का असतो, त्याचे एक कारण येथे सापडते. आवाज फाटला की पोटातले सगळे ओठांवर येते, मेळ असेल तर मेळ आणि बेबनाव असेल तर बेबनाव. संतापलेल्या माणसाबद्दल याहून वेगळे काय सांगता येईल?

ज्यांनी हे ॲम्प्लिफायर बनवले त्यांच्या लेखी छाटलेला माथा हा दोषच होता. तो गुण कसा ठरला, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५१ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. आयक टर्नर यांच्या ताफ्यातील गिटारचा ॲम्प्लिफायर प्रवासात दुखावला होता. त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावून नेली, आणि तो घोगरा आवाज तसाच तबकडीवर उतरला. १९५८ साली लिंक रे यांनी ‘रम्बल’ ह्या रचनेसाठी स्पीकरच्या कागदी शंकूला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली. १९६४ साली इंग्लंडात डेव्ह डेव्हिस यांनी ‘यू रिअली गॉट मी’ ह्या गाण्यासाठी तोच शंकू धारदार पात्याने चिरला. मधल्या काळात, १९६१ साली, नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ ह्या गाण्याच्या वेळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एक वाहिनी बिघडली आणि त्या बिघाडाचा भुणभुणाट लोकांना आवडला. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाची नक्कल करणारे मंडल रचले, आणि १९६२ साली ‘फझ-टोन’ ह्या नावाने ते पायाखाली ठेवायच्या लहानशा पेटीत विक्रीस आले.

अपघात, मग हेतुपुरस्सर केलेली जखम, आणि शेवटी दुकानात मिळणारी पेटी. ह्या शेवटच्या पायरीवर काहीतरी निसटले, असे आम्हांस वाटते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर फाटतो तेव्हा तो खरोखर ताणलेला असतो. त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे त्याच्यावर पडलेले असते. पेटीला ओझ्याची गरज नाही. तिच्यातून कुजबुजीएवढ्या आवाजातही फाटलेला स्वर काढता येतो. ताण नसताना ताणाचे चिन्ह मिळू लागले. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांच्या मेसा-बूगी ॲम्प्लिफायरांनी एकामागून एक वर्धक टप्पे लावून बेताच्या आवाजातही असा स्वर मिळवण्याची सोय केली, आणि पायाच्या कळीने निर्मळ व फाटलेल्या चॅनेलांत अदलाबदल करण्याची पद्धतही रूढ होत गेली. आज घरोघरच्या वादकांजवळ जो दोन चॅनेलांचा ॲम्प्लिफायर असतो, तो ह्याच परंपरेतला. दोन स्वभाव तयार ठेवलेले. हवा तो पायाने निवडावा.

आपल्याकडचे उदाहरण ह्याहून जुने आणि आमच्या मते अधिक शहाणे आहे. तंबोऱ्याचा जो झंकार गायकाला आधार देतो तो तारेचा निव्वळ स्वर नव्हेच. घोडीचा माथा सपाटसर पण किंचित उतरता घासलेला असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन:पुन्हा घासते आणि त्या घासण्यातून उपस्वरांचा थवा उठतो. तीच जवारी. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार जवारी नीट लागली म्हणजे कसा स्पष्ट होतो, हे जाणकारांना सांगायला नको. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवलेला असतो, आणि मिरजेच्या कारागिरांनी घासून दिलेल्या उत्तम घोडीवरही तो दोरा दर बैठकीला केसाएवढा पुढेमागे करावा लागतो. दोरा नसला की आवाज एक येतो, चुकीच्या जागी असला की दुसरा; आणि त्या दोहोंच्या मध्ये, कोणतीही खूण न केलेल्या एका जागी, तार एकाएकी बोलू लागते. आपल्या पूर्वजांनी निर्मळ आणि खरखरीत यांच्यासाठी दोन चॅनेल ठेवले नाहीत. त्यांनी एकच तार ठेवली आणि मधली जागा शोधण्याचे काम रोजचे करून टाकले.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. स्वच्छाकडून फाटलेल्याकडे जाण्याच्या वाटा मुख्यत: तीन आहेत. पहिली कळ दाबण्याची. तिच्याविषयी पुढे बोलू. दुसरी मिश्रणाची: तारेचा प्रवाह दोन्ही चॅनेलांत एकदम पाठवावा आणि पायाने दाबायच्या एखाद्या पट्टीने एकाचे प्रमाण कमी करीत दुसऱ्याचे वाढवत न्यावे. तिसरी वाट अशी की चॅनेल एकच ठेवावे, ते फाटण्याच्या काठावर आणून ठेवावे, आणि बाकीचे सर्व हातावर सोपवावे. गिटारवरचा आवाजाचा नॉब थोडा मागे घेतला, तार हलक्या हाताने छेडली, तर स्वर स्वच्छ. नॉब पुढे नेला, तार कडक हाताने ओढली, तर तोच स्वर फाटतो.

वरून पाहता दुसरी आणि तिसरी वाट एकाच गावी पोहोचतात असे वाटेल. तसे नाही. निम्मा स्वच्छ आणि निम्मा फाटलेला यांची बेरीज केली म्हणजे निम्माच फाटलेला स्वर तयार होत नाही. दोन पूर्ण स्वर एकमेकांवर ठेवलेले असतात, आणि तीक्ष्ण कानाला ते दोन्ही वेगळे ऐकू येतात. दुधात पाणी मिसळणे वेगळे आणि दूध तापत जाणे वेगळे. मिश्रणाने मिळते ते दोन वृत्तींचे सहास्तित्व. ताणाने मिळते ती एकाच वृत्तीची वाढ. गोड बोलता बोलता मध्येच खडा टाकणारी, आणि खडा लागला की पुन्हा गोडाचा वर्ख लावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यांच्यात मध्यममार्ग असतो असे कोणी म्हणत नाही. दोन चॅनेल चालू असतात, आणि आपण ऐकणारे त्यांतले खरे कोणते ह्याचा अंदाज बांधत बसतो. उलट ज्याचे शांत बोलणे आणि ज्याचा संताप एकाच घशातून येतात अशा माणसाजवळ निम्मा संताप ही खरोखर वेगळी अवस्था असते.

मिश्रणाच्या वाटेवर एक खड्डा आहे, आणि तो आम्हांस ह्या सर्व विषयात सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. व्हॉल्व्हच्या नेहमीच्या वर्धक टप्प्यातून लहर बाहेर पडते ती उलटी होऊन; वरचे खाली, खालचे वर. एकटी ऐकली तर कानाला ह्या उलटेपणाचा पत्ताही लागत नाही. पण एका चॅनेलमध्ये असा एक टप्पा जास्त असला आणि दोन्ही चॅनेल एकत्र केले, तर एकाची चढती बाजू दुसऱ्याच्या उतरत्या बाजूवर येते आणि दोघे एकमेकांस खाऊन टाकतात. १९६३ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध ट्विन रिव्हर्ब ॲम्प्लिफायरच्या दोन चॅनेलांत नेमके असेच नाते आहे. ह्याउलट लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ पासून जे ॲम्प्लिफायर बनवले, त्यांची दोन चॅनेल एकमेकांशी सरळ असल्यामुळे वादक त्यांना वीतभर तारेने जोडून सर्रास एकत्र वापरत आले. उलट्या चॅनेलांची बेरीज केली तर मूळ स्वराचा गाभाच नाहीसा होतो. उरतो तो वरवरच्या उपस्वरांचा भुणभुणाट. दोन्ही आवाज आपापल्या जागी धडधाकट, दोन्ही तोच स्वर वाजवत आहेत, आणि एकत्र आल्यावर मात्र पोकळ! उपाय क्षुल्लक आहे: एकाच्या दोन तारांची अदलाबदल करावी. पण आधी तो उलटेपणा ओळखता आला पाहिजे, आणि तो एकेकटा ऐकून ओळखता येत नाही. एकाच घरातील दोन सज्जन एकच गोष्ट सांगत असताना ती ऐकणाऱ्या मुलाच्या पदरात काहीच का पडत नाही, ह्याचा विचार करताना आम्हांस ह्या उलट्या लहरींची आठवण होते. बाप शिस्तीच्या बाजूने सांगतो, आई मायेच्या बाजूने; मुद्दा तोच असतो.

तरीही मिश्रण सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. खर्जाची गिटार, म्हणजे बेस, वाजवणारे ते जाणूनबुजून करतात. बेसचा स्वर फाटला की त्याचा पाया बहुधा पातळ होतो, आणि पाया गेला की सगळा ताफा डळमळतो. म्हणून फाटलेल्या स्वराखाली ते स्वच्छ स्वराची एक धार अखंड चालू ठेवतात. येथे स्वच्छ स्वर फाटलेल्यावर पांघरूण घालत नाही. तो खाली राहून ओझे उचलतो. मिश्रण कशासाठी केले आहे, हे पाहिल्यावाचून त्याला दुटप्पी म्हणणे अन्यायाचे होईल.

मिश्रण करणाऱ्यास आणखी एक अडचण येते, ती मोजमापाची. लहरीची उंची सारखीच ठेवली तरी माथा छाटलेली लहर अधिक मोठी ऐकू येते, कारण तिची सरासरी शक्ती जास्त असते. पुरती चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षा ३ डेसिबलने अधिक बळकट असते. म्हणून जाणता वादक फाटलेल्या चॅनेलचा आवाज मुद्दाम खाली आणतो, नाहीतर प्रत्येक वेळी फाटलेला स्वर केवळ मोठेपणामुळे सरस वाटतो. व्याख्यानांच्या फडात आणि हल्ली रात्रीच्या वृत्तवाहिन्यांवर ही खबरदारी कोणी घेत नाही. कठोर बोलणारा माणूस खरे बोलतो असे लोकांना वाटते. पण त्याचा आवाज शांत माणसाच्या पातळीवर आणून मग दोघांचे म्हणणे ताडून पाहण्याची तसदी कितीजण घेतात? शिवाय छाटलेल्या लहरीत लहानमोठ्याचा भेद उरत नाही. हळू छेडलेली तार आणि जोराने छेडलेली तार जवळजवळ सारख्याच उंचीने बाहेर येतात. सदा ओरडणाऱ्याच्या तोंडी किरकोळ तक्रार आणि घोर अन्याय ह्यांचे वजन एकच होते, ते ह्यामुळेच.

आता कळीविषयी. वाचक म्हणतील, तुम्ही ताणाच्या वाटेची बाजू घेता आणि कळीला कमी लेखता. तसे नाही. आम्ही ज्या नोकरीत आहो तेथे कळीवाचून काम चालत नाही. केंद्र सरकारच्या कचेरीत पत्राचे सूर ठरलेले असतात: साधे पत्र, स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, मग अधिकाऱ्याच्या सहीचे अर्धशासकीय पत्र, आणि शेवटी, वेळ आलीच तर, ‘कारणे दाखवा’. ह्या पायऱ्यांमध्ये सांधा लपवलेला नसतो. उलट तो ऐकू यावा म्हणूनच प्रत्येक पायरीचे शब्द ठरवून दिलेले असतात. मसुदा लिहिणाऱ्याचे त्या दिवशी घरी भांडण झाले होते की नाही, हे त्या पत्रात उतरता कामा नये. आणि ज्याला पत्र जाते त्याला आपण कोठल्या पायरीवर उभे आहोत हे नेमके कळले पाहिजे. पायरी चढलेली कळली की तो सावध होतो, उत्तर देतो, धावपळ करतो. सांधा ऐकूच आला नसता तर ही संधी त्याला मिळाली नसती.

येथे आमच्या विचाराला खरी गाठ पडते. धक्का न लागता एका स्वरातून दुसऱ्यात जाणे हे वादकाचे कौशल्य खरे; पण ज्याच्याशी आपण बोलत आहोत त्याच्या दृष्टीने तो धक्का हीच सूचना असते. नकळत कठोर होत गेलेला मित्र, नकळत हुकमी झालेले सरकार, नकळत कडवट होत गेलेला संसार, ह्या सर्वांबद्दल मागाहून लोक एकच वाक्य बोलतात: कधी झाले ते समजलेच नाही. कळ ऐकणाऱ्याशी प्रामाणिक असते, ताण बोलणाऱ्याशी. दोन्ही प्रामाणिकपणा एकाच वेळी साधता येतो काय?

आम्हांस वाटते, काठावर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये तो पुष्कळ अंशी साधतो, आणि म्हणूनच अनेक जुने वादक त्या जागेला इतके जपतात. तेथे बदल अखंड असतो, पण लपलेला नसतो. स्वर फाटण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कडेला एक बारीक खर येऊ लागते. ऐकणाऱ्याला ताण वाढत असल्याचे आधीच कळते, आणि वाजवणाऱ्यालाही आपला हात किती कडक झाला हे त्याच क्षणी ऐकू येते. मिश्रणात असे होत नाही. तेथे स्वच्छ स्वर बराच वेळ वरचढ राहून फाटलेल्याला झाकतो, आणि एका बिंदूनंतर तो झाकलेला एकदम पुढे येतो. म्हणजे जी वाट सर्वांत गुळगुळीत म्हणून निवडली, तिच्यातच कित्येकदा सर्वांत मोठा दगा असतो. काठावरच्या वाटेचा तोटा एवढाच की तेथे विश्रांती नाही. प्रत्येक आघात तोलावा लागतो. पायाची कळ दाबून मन मोकळे ठेवता येते, हे तिचे सुख काही थोडेथोडके नाही. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाशी लडिवाळपणे बोलणारा अभंग आणि दांभिकांवर आसूड ओढणारा अभंग शेजारी शेजारी सापडतात, आणि तरी वाचणाऱ्याला दोन तुकाराम भेटल्यासारखे वाटत नाही. तसा घसा लाभणे ही फार दुर्मीळ गोष्ट. आमच्यासारख्या सामान्यांनी घरात काठावर राहण्याचा प्रयत्न करावा आणि कचेरीत कळ वापरावी, हे त्यातल्या त्यात व्यवहार्य.

ह्या संदर्भात एका वादनाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८ ऑगस्ट १९६९ रोजी, सोमवारी सकाळी, न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेन्ड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर एकट्याने वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, आणि हेन्ड्रिक्स स्वत: १९६१-६२ साली अमेरिकी सैन्याच्या छत्रीधारी दलात होते. गीताची चाल प्रथम ओळखू येईल अशी, सरळ उभी राहते. मग एकेका ओळीनंतर ती फाटत जाते, तिच्यातून भोंगे, विमाने, स्फोट ऐकू येऊ लागतात. आणि त्या कल्लोळातून चाल पुन्हा वर येते. मार्शल ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत तेच. पायाखाली फझची पेटी होती, हे खरे. पण पुष्कळसा प्रवास हाताने, नॉबने आणि तारा ढिल्या करणाऱ्या दांड्याने घडलेला आहे. चाल कोठे संपते आणि किंकाळी कोठे सुरू होते, तेथे बोट ठेवता येत नाही. काहींना हा राष्ट्रगीताचा अपमान वाटला, काहींना निषेध. पुढच्याच महिन्यात दूरदर्शनवरील मुलाखतीत त्यांना ह्याबद्दल विचारले, तेव्हा आपल्याला ते सुंदर वाटले, अशा अर्थाचे साधे उत्तर त्यांनी दिले. आम्ही ते उत्तर अक्षरश: घेतो. ज्या देशावर प्रेम आहे त्या देशाचे गीत त्या वर्षी निर्मळ चॅनेलवर वाजवणे हेच कदाचित खोटे ठरले असते.

हे वादन लोकांना ठाऊक झाले ते मुख्यत: १९७० च्या चित्रपटामुळे, प्रत्यक्ष त्या सकाळी बरीचशी गर्दी पांगून गेली होती. पण राष्ट्रगीत तेथे सुटे वाजलेले नव्हते. आधीच्या रचनेतून ते निघाले आणि न थांबता ‘पर्पल हेझ’ ह्या गाण्यात शिरले. तेथून एक लांब, एकट्याचे स्वैर वादन झाले. आणि त्याच ओघात शेवटी हेन्ड्रिक्स ‘व्हिलानोव्हा जंक्शन’ नावाच्या एका संथ, जवळजवळ अंगाईसारख्या रचनेवर येऊन पोहोचले. हात तोच, गिटार तीच. स्वर मात्र इतका मृदू, की काही मिनिटांपूर्वी ह्याच तारांतून स्फोट ऐकू आले ह्यावर विश्वास बसत नाही. शेजारच्या तरुणाला आम्ही ती रचना ऐकली आहे काय म्हणून विचारले, तेव्हा राष्ट्रगीत त्याने अनेकदा ऐकले होते, ती नव्हती. राष्ट्रगीत ऐकून झाल्यावर ध्वनिमुद्रण बंद न करता ज्यांना आणखी दहाबारा मिनिटे बसवेल, त्यांनी तेवढे बसावे, आणि मगच त्या राष्ट्रगीताविषयी मत बनवावे, असे आम्ही त्याला सांगितले.